पहिला पंधरवडा: व्यवस्थापन अभ्यासक्रमातील ओझे आणि त्याची रचना

व्यवस्थापनशास्त्राच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या पंधरवड्यात जेवढे वाचायला दिले जाते, तेवढे सगळे नीट वाचून होणे बहुतेकांना शक्य नसते, आणि ही गोष्ट वाचन नेमून देणाऱ्या प्राध्यापकांना पुरती ठाऊक असते. दिवसाला साधारण तीन तासिका असतात. प्रत्येक तासिकेसाठी एखाद्या उद्योगातील प्रसंगाचे पंधरा-वीस पानांचे वर्णन वाचायचे असते, त्याच्या शेवटी जोडलेल्या कोष्टकांतील आकडे पडताळायचे असतात, पाठ्यपुस्तकातील एखादे प्रकरण उरकायचे असते आणि गटाने करायची कामे तर वेगळीच असतात. पदवीपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला येथे अभ्यास पूर्ण होतच नाही, हा पहिला धक्का बसतो. हा धक्का गैरव्यवस्थेतून येत नाही. तो शिक्षणपद्धतीचाच भाग आहे. ही पद्धत कोठून आली, ती पहिल्या दिवसांत नेमके काय शिकवते आणि तिचा भार कोणावर अधिक पडतो, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

पद्धतीचा उगम

उद्योगव्यवसायाचे शिक्षण विद्यापीठात द्यावे ही कल्पना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीच्या देणगीतून 1881 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल स्थापन झाले आणि 1908 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल सुरू झाले. आरंभी या संस्थांपुढे मोठी अडचण होती ती शिकवायचे काय आणि कसे, याची; कारण वाणिज्य व्यवहाराचे नियम सांगणारे सर्वमान्य शास्त्र तेव्हा तयार झालेले नव्हते. 1919 मध्ये हार्वर्डच्या या शाखेचे अधिष्ठाता झालेले वॉलेस डोनम हे स्वतः कायद्याचे पदवीधर होते. हार्वर्डच्याच विधी महाविद्यालयात ख्रिस्तोफर लँगडेल यांनी 1870 च्या सुमारास न्यायालयीन निवाडे वाचून त्यांतून कायद्याची तत्त्वे शोधायला लावणारी पद्धत आणली होती. तीच रीत डोनम यांनी उद्योगजगताला लावली आणि निवाड्याच्या जागी उद्योगातील अडचणीचा प्रसंग आला. यालाच 'केस' म्हणतात. 1921 मध्ये लिहिली गेलेली 'जनरल शू कंपनी' ही अशा आरंभीच्या केसपैकी एक असून, कारखान्यातील कामगार सुट्टीची वेळ होण्याआधीच काम का थांबवतात, असा तिचा साधा पण चिवट प्रश्न होता.

ही पद्धत भारतात आली ती अहमदाबादमार्गे. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय 1913 पासून वाणिज्य शिकवत होते, आणि 1918 ते 1920 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तथापि हिशेब, बँकिंग व व्यापारी कायदा यांचे शिक्षण आणि उद्योग चालवणाऱ्या व्यवस्थापकाचे शिक्षण या दोन गोष्टी स्वातंत्र्योत्तर नियोजनकाळात वेगळ्या मानल्या जाऊ लागल्या. त्यातून 1961 मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, उभ्या राहिल्या. कोलकात्याच्या संस्थेला अमेरिकेतील एमआयटीच्या स्लोन स्कूलचे साह्य लाभले. अहमदाबादच्या संस्थेमागे विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांचा पुढाकार होता, तर शैक्षणिक सहकार्य हार्वर्डचे होते. तिचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कार्यक्रम 1964 मध्ये सुरू झाला, आणि केसवर चर्चा हीच तेथील मुख्य अध्यापनरीत ठरली. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने चर्चगेट येथे जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था काढली. भारतीय विद्यार्थ्याचा पहिला पंधरवडा अशा रीतीने तीन अमेरिकी संस्थांच्या सवयी आणि येथील परीक्षाप्रधान संस्कृती यांच्या मिश्रणातून घडला आहे.

केसची रात्र आणि केसची सकाळ

केसची तयारी तीन टप्प्यांत होते. विद्यार्थी आधी एकट्याने वाचतो, मग पाच-सहा जणांच्या अभ्यासगटात त्यावर बोलतो आणि सकाळी वर्गात त्यावर चर्चा होते. पहिल्या दोन-चार दिवसांत जवळपास प्रत्येक जण एकच चूक करतो, ती म्हणजे केस धड्यासारखी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, अधोरेखित करत वाचण्याची. केसमध्ये कंपनीचा इतिहास असतो, संस्थापकाचा स्वभाव असतो, बाजारपेठेचे वर्णन असते आणि यांतील बराच मजकूर निर्णयाला उपयोगी नसतो, कारण खऱ्या व्यवहारातही उपयोगी माहिती निरुपयोगी माहितीत मिसळलेलीच समोर येते. उलट ज्या एका आकड्याची निकड असते, तो केसमध्ये बहुधा दिलेला नसतो. तो अंदाजाने काढावा लागतो आणि अंदाज कशावर बेतला हे सांगावे लागते. म्हणून सरावलेला विद्यार्थी आधी शेवटचा परिच्छेद वाचून निर्णय कोणाला आणि कधीपर्यंत घ्यायचा आहे हे पाहतो, नंतर कोष्टके चाळतो आणि मगच मूळ मजकुराकडे वळतो.

सकाळी वर्ग भरतो तो अर्धवर्तुळाकार, पायऱ्यापायऱ्यांच्या दालनात. ही रचना हार्वर्डच्या 1953 मध्ये बांधलेल्या ऑल्ड्रिच हॉलमधून जगभर पसरली असून, प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसावा आणि चर्चा केवळ फळ्याच्या दिशेने न जाता बाकांच्या ओळींमधूनही फिरावी, हा तिचा हेतू आहे. तासिकेच्या आरंभी प्राध्यापक हात वर न केलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला थेट नाव घेऊन विचारतात, 'या व्यवस्थापकाच्या जागी आपण असता तर काय केले असते, आणि का?' या प्रथेला 'कोल्ड कॉल' म्हणतात. उत्तर बरोबर की चूक हे लगेच सांगितले जात नाही. दुसऱ्याला त्यावर मत विचारले जाते, तिसरा आकड्यांतील विसंगती दाखवतो आणि सव्वा तासानंतर फळा भरलेला असला तरी निश्चित उत्तर हाती आलेले नसते. वर्गातील सहभागाला अंतिम गुणांत ठरावीक वाटा असतो. विद्यार्थी त्याला 'सीपी' म्हणतात, आणि मुद्दा नसताना केवळ मोघम बोलून वेळ मारून नेणाऱ्या विधानाला अहमदाबादच्या आवारात 'ग्लोब' असे नाव आहे.

उत्तर न मिळता तासिका संपल्यामुळे आपण काहीच शिकलो नाही, असे पहिल्या आठवड्यात अनेकांना वाटते. या भावनेवर किती विसंबावे, याचा अंदाज हार्वर्डमध्येच पदार्थविज्ञानाच्या वर्गांत झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून येतो. त्यात विद्यार्थ्यांचा एक गट स्वतः प्रश्न सोडवत शिकला आणि दुसऱ्या गटाने उत्तम व्याख्यान ऐकले. चाचणीत पहिल्या गटाची कामगिरी सरस ठरली, पण आपण किती शिकलो असे विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला अधिक गुण दिले. धडपडत शिकताना डोक्याला पडणारा ताण विद्यार्थ्याला न शिकल्याची खूण वाटतो, असा त्याचा अर्थ आहे. प्रयोगाचा विषय वेगळा असला तरी केसवर्गातील पहिल्या आठवड्याची अस्वस्थता समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

नफा आहे, पैसे नाहीत

पहिल्या सत्रात अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विपणन म्हणजे बाजारपेठेचा अभ्यास, आणि संघटनेतील माणसांचे वर्तन असे अनेक विषय एकाच वेळी सुरू होतात. त्यांतील वित्तीय लेखांकन, म्हणजे कंपनीच्या हिशेबांची मांडणी व वाचन, हा विषय पहिल्या दिवसांचे स्वरूप सर्वांत स्पष्टपणे दाखवतो. आयआयएममध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर वर्षानुवर्षे बहुसंख्य राहिले आहेत. अवघड गणित लीलया सोडवणारा हा विद्यार्थी ताळेबंदापुढे अडखळतो, कारण येथील अडचण आकडेमोडीची नसून संकल्पनेची असते.

एक छोटे उदाहरण घ्यावे. एखाद्या व्यापाऱ्याने 100 रुपये रोख देऊन माल घेतला आणि तो 130 रुपयांना उधारीवर विकला. नफातोटा पत्रकात त्याला 30 रुपये नफा दिसेल, कारण व्यवहार ज्या दिवशी झाला त्या दिवशी उत्पन्न धरायचे, पैसे कधी आले हे पाहायचे नाही, असे उपार्जनाचे तत्त्व सांगते. त्याच्या गल्ल्यातून मात्र 100 रुपये गेले आहेत आणि आत काहीच आलेले नाही. ताळेबंदात रोकड 100 रुपयांनी घटते, येणे 130 रुपयांनी वाढते आणि 30 रुपयांचा फरक मालकाच्या भांडवलात जमा होतो, त्यामुळे मालमत्ता एकीकडे आणि देणी व भांडवल दुसरीकडे, ही दोन्ही पारडी सारखीच राहतात. धंदा जितका वेगाने वाढेल तितकी उधारी फुगेल आणि नफा दाखवत दाखवतच व्यापाऱ्याला कर्जासाठी बँकेची पायरी चढावी लागेल. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 मध्ये छापलेल्या ग्रंथात मांडलेली द्विनोंदी पद्धत आजही याच समतोलावर उभी आहे. ज्याच्या घरी दुकान आहे, त्या विद्यार्थ्याला रोजकीर्द, खतावणी आणि उधारी या गोष्टी लहानपणापासून परिचित असतात, आणि वर्गात हुशार गणला न गेलेला असा एखादा विद्यार्थी या तासिकेला अचानक अभ्यासगटाचा आधार बनतो. ज्ञानाची जुनी उतरंड अशा रीतीने पहिल्या आठवड्यातच विस्कटते.

चार खेळाडूंची साखळी

काही संस्थांत पहिल्या दिवसांत वर्गापेक्षा खेळातून अधिक शिकवले जाते. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध खेळ एमआयटीच्या स्लोन स्कूलमध्ये जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास तयार केला. तो 'बिअर गेम' या नावाने ओळखला जातो आणि तेथील नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत-सप्ताहात दीर्घकाळ खेळला जात आला आहे. एका टेबलाभोवती चार जण बसतात: किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. गिऱ्हाइकाची मागणी फक्त किरकोळ विक्रेत्याला कळते. प्रत्येक जण आपल्या मागच्याकडे चिठ्ठीने मागणी नोंदवतो आणि एकमेकांशी बोलण्याची मुभा नसते. मागणी पोचायला आणि माल यायला काही आठवडे लागतात. पडून राहिलेल्या मालाचा खर्च धरला जातो आणि माल नसल्यामुळे थकलेल्या मागणीचा त्याच्या दुप्पट खर्च धरला जातो.

खेळात गिऱ्हाइकाची मागणी एकदाच बदलते: आरंभी आठवड्याला 4 पेट्या असते, ती 8 होते आणि शेवटपर्यंत 8 च राहते. तरीही किरकोळ विक्रेता साठा घटलेला पाहून जरा जास्त मागतो, घाऊक व्यापारी त्या वाढीवर आणखी वाढ चढवतो आणि कारखान्यापर्यंत पोचता पोचता मागणीचा डोंगर होतो. काही आठवड्यांनी सगळा माल एकदम येऊन थडकतो आणि मग मागणी शून्यावर येते. खेळ संपल्यावर गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला, तर कारखान्याच्या जागी बसलेला विद्यार्थी हमखास उंच लाटांचा आलेख काढतो, कारण सगळा दोष चंचल गिऱ्हाइकाचा अशी त्याची खात्री झालेली असते. जॉन स्टर्मन यांनी 1989 मध्ये या खेळाच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खेळाडूंच्या चमूंना आलेला सरासरी खर्च किमान शक्य खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. एकमेकांना ओळखतही नसलेल्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात हा खेळ देण्यामागे हेतू स्पष्ट आहे. आपला साठा आपण शहाणपणाने सांभाळला असे चौघांनाही वाटत असते आणि त्या चार शहाणपणांच्या बेरजेतूनच नुकसान उभे राहते, ही गोष्ट सांगून पटत नाही. ती स्वतःच्या हातून घडलेली पाहिल्यावरच पटते.

गुणवंतांच्या वर्गातील निम्मे

पहिल्या पंधरवड्यातील दुसरा धक्का क्रमांकाचा असतो. प्रवेशासाठी देशभरातून निवडलेले विद्यार्थी आपापल्या महाविद्यालयात पहिल्या काहींत राहिलेले असतात. त्यांना एका वर्गात बसवले की त्यांतील निम्मे मध्यांकाच्या खाली जाणारच, हे साधे अंकगणित आहे. अनेक संस्थांत श्रेणी तौलनिक पद्धतीने दिली जाते, म्हणजे विद्यार्थ्याने किती गुण मिळवले यापेक्षा वर्गात तो कितव्या जागी आहे यावर ती ठरते. हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर यांनी 1984 मध्ये शाळकरी मुलांच्या अभ्यासातून दाखवून दिले होते, की सारख्याच क्षमतेचा विद्यार्थी अधिक हुशार मुलांच्या शाळेत गेला तर स्वतःविषयी त्याचे मत खालावते. पूर्वसूचनेशिवाय घेतल्या जाणाऱ्या चाचणीत आयुष्यात पहिल्यांदा तळाची श्रेणी मिळालेल्या विद्यार्थ्याचे जे होते ते याच जातीचे असते. त्याची कुवत पंधरा दिवसांत घटलेली नसते, फक्त ज्यांच्याशी तुलना होते ती माणसे बदललेली असतात.

तौलनिक श्रेणीचा परिणाम माणसांमाणसांतील संबंधांवरही होतो. शेजाऱ्याला मदत केली तर आपला क्रमांक घसरेल, या हिशेबाने टिपणे लपवणे किंवा दुसऱ्याचे नुकसान होईल असे वागणे याला विद्यार्थ्यांच्या बोलीत 'आरजी' म्हणतात आणि तो शब्द निंदेचाच आहे. त्याला उतारा म्हणून अभ्यासगट असतो. गटातील पाच-सहा जण मिळून तीन केस वाटून घेतात, प्रत्येक जण आपली नीट तयार करून इतरांना समजावतो, आणि सगळे एकट्याने वाचण्याचा अट्टाहास सुटतो. कोणावर किती विसंबायचे, आपला वाटा कधी पुरा झाला म्हणायचा आणि कोणती गोष्ट अर्धवट सोडली तरी चालेल, हे निर्णय विद्यार्थी येथे रोज घेतो. व्यवस्थापकाचे प्रत्यक्ष काम ते हेच, आणि त्याचा पहिला सराव रात्री बाराच्या पुढे वसतिगृहाच्या खोलीत होतो.

हाच सराव लेखनातही करून घेतला जातो. अहमदाबादच्या पहिल्या वर्षात 'वॅक' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा लेखी विश्लेषणाचा विषय आहे. त्यात एका केसवर ठरावीक शब्दसंख्येत अहवाल लिहायचा असतो: परिस्थितीचे विश्लेषण, प्रश्नाची एका-दोन वाक्यांत मांडणी, उपलब्ध पर्याय, ते पारखण्याचे निकष, निकषांवर पर्यायांची तपासणी, शिफारस, अंमलबजावणीची योजना आणि ती फसल्यास करायची तजवीज. बहुतेकांचा पहिला अहवाल परिस्थितीच्या वर्णनातच शब्दमर्यादा संपवतो. शिफारस आधी मनात ठरवून निकष मागाहून जुळवले, तर ते वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, आणि अभ्यासाच्या नावाखाली आपण पूर्वग्रहच सजवत होतो, हे विद्यार्थ्याला बहुधा पहिल्यांदा येथेच उमगते.

सारखे ओझे, असमान भार

वाचनाची पाने सर्वांना सारखीच वाटली जातात, पण ती वाचण्याचे कष्ट सारखे नसतात. ज्याचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि ज्याने इंग्रजी प्रामुख्याने पाठ्यपुस्तकापुरते वापरले, त्याला वीस पानांची केस वाचायला दीडपट-दुप्पट वेळ लागू शकतो. वर्गात मुद्दा सुचल्यावर तो मनातल्या मनात इंग्रजी वाक्यात बसवेपर्यंत चर्चा पुढे सरकलेली असते, आणि सहभागाचे गुण विचाराला नव्हे, बोलून दाखवण्याच्या वेगाला मिळतात की काय, अशी शंका त्याला येते. ती अगदीच निराधार नसते. राहण्याच्या सोयीनेही फरक पडतो. अहमदाबादसारख्या निवासी संस्थेत अभ्यासगट मध्यरात्री एकत्र बसू शकतो. चर्चगेटच्या संस्थेत अनेक विद्यार्थी रोज लोकलने ये-जा करतात, त्यांच्या गटाला शेवटच्या गाडीचे वेळापत्रक पाहून उठावे लागते आणि केसचे पहिले वाचन पुष्कळदा डब्यातच होते.

चर्चेतील सहभागाला गुण देण्याची पद्धत कोणाला तोट्याची ठरते, याचा विचार तिच्या माहेरघरीही करावा लागला. मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर असलेले नितीन नोहरिया 2010 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता झाले. त्या काळात वर्गसहभागाच्या गुणांत विद्यार्थिनी मागे पडत असल्याचे संस्थेच्या लक्षात आले, तेव्हा कोण काय बोलले याची नोंद घेणारी माणसे वर्गात बसवण्यात आली, म्हणजे प्राध्यापकांना गुण देताना केवळ आठवणीवर विसंबावे लागू नये. थेट नाव घेऊन प्रश्न विचारण्याची प्रथाही नीट वापरली तर समतेच्या उपयोगाची ठरते, कारण केवळ हात वर करणाऱ्यांनाच बोलू दिले तर ठरावीक धीट आवाजच वर्ग व्यापतात. अनेक संस्था अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी गणित, हिशेब किंवा इंग्रजी यांचे पूर्वतयारी वर्ग घेतात, त्यांचाही हेतू हाच असतो.

ओझ्याचे दोन उपयोग

या पद्धतीवर टीका झालेली नाही असे नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे हेन्री मिंट्झबर्ग यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा आक्षेप घेतला, की ज्याने कारखान्यात कधी पाऊल ठेवले नाही, त्याला काल रात्री वाचलेल्या वीस पानांवरून त्या कारखान्याचे भवितव्य ठरवायला लावल्याने अपुऱ्या माहितीवर ठामपणे बोलण्याची सवय तेवढी लागते. पहिल्या पंधरवड्याला हा आक्षेप विशेष लागू पडतो. वेळेच्या टंचाईतून विद्यार्थी महत्त्वाचे काय ते निवडायला शिकतो हे खरे, पण त्याच टंचाईतून न वाचता वाचल्यासारखे बोलायलाही शिकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला या दोन कौशल्यांतील फरक चटकन दिसत नाही.

म्हणून ओझ्याचे दोन उपयोग वेगळे ओळखावे लागतात. एक उपयोग शिकवण्याचा आहे. त्यात टंचाई दिली जाते, चूक होऊ दिली जाते आणि ती चूक फळ्यावर, अहवालाच्या समासात किंवा खेळानंतरच्या चर्चेत उलगडून दाखवली जाते. दुसरा उपयोग नुसता चाळणीचा आहे. त्यात टंचाई दिली जाते, जे टिकतील ते टिकतात आणि टिकले म्हणून त्यांना लायक ठरवले जाते. पहिल्या प्रकारात प्राध्यापकाला विद्यार्थ्यापेक्षा अधिक कष्ट पडतात, कारण ऐंशी-नव्वद अहवाल वाचून प्रत्येकाच्या युक्तिवादातील निसटलेला दुवा दाखवावा लागतो, तर दुसऱ्या प्रकारात केवळ वाचनाची यादी वाढवली की काम भागते. एखाद्या संस्थेचा अभ्यासक्रम खडतर आहे म्हणून तो चांगला, असा समज विद्यार्थी आणि पालक या दोघांतही पक्का असतो. त्याऐवजी पहिल्या पंधरवड्यात विद्यार्थ्याने लिहिलेला अहवाल किती दिवसांत आणि किती शेरे घेऊन परत आला, हे विचारले तर त्या संस्थेची पारख अधिक नेमकी होईल.